गोव्याच्या दमट हवेत ज्वारीचं पीठ कसं सांभाळायचं आणि त्याचं काय काय करायचं

माझं माहेर बेळगावकडचं आणि सासर फोंड्याला. माहेरी ज्वारीला कोणी ज्वारी म्हणतच नाही, जोंधळा म्हणतात, आणि जोंधळ्याची भाकरी दोन्ही वेळेला. इकडे आले तर सकाळी पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात, संध्याकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, घंटी वाजली की पोई, आणि भाकरी झालीच तर तांदळाची. मग सासऱ्यांची शुगर वाढली, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं, आणि ज्वारी घरात आली. त्या मे महिन्यात मी माहेराहून येताना दहा किलो पीठ दळूनच आणलं, म्हटलं वर्षभराची कटकट नको. जुलैमध्ये डबा उघडला तर पिठात जाळी, वास जुन्या तेलासारखा, थापायला घेतलं की कडा फुटतायत आणि जी काय भाकरी झाली ती कडू. सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझा हात बरा आहे गो, पीठच मेलंय."

ते अगदी खरं होतं, म्हणून सुरुवात पिठापासूनच करते. ज्वारीची भाकरी जमत नाही म्हणणाऱ्या इथल्या बऱ्याच जणींचा हात चुकत नसतो, पीठ जुनं असतं.

ज्वारी आपण अख्खी दळतो, कोंडा काढत नाही, आणि तेच तिचं चांगलं. पण अख्ख्या दाण्यात कोंबाचा जो भाग असतो त्यात तेल असतं. दाणा शाबूत आहे तोवर ते आत सुरक्षित, एकदा दळलं की त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. सोलापूर-विजापूरच्या कोरड्या हवेत हे सावकाश होतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनपासून भिंतीसुद्धा ओल्या, तिथे पीठ फार दिवस टिकत नाही. म्हणून दाणे साठवा, पीठ साठवू नका. माझा हिशोब असा की चार माणसांच्या घरात रोज एक वेळ भाकरी असेल तर एका वेळी दोनच किलो दळायचं, पावसाळ्यात तर एकच.

दाणे घेताना रब्बीची ज्वारी मागा, घाटावर तिला शाळू म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, म्हणजे दाणा भरताना पाऊस नसतो. खरिपातली ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली तर दाण्याला बुरशी धरते आणि तो काळपट पडतो, तसा दाणा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चांगला दाणा टपोरा, मोत्यासारखा चकचकीत, दाताखाली कडक. मालदांडी ही भाकरीसाठी जुनी नावाजलेली जात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. आपल्या जांभ्याच्या जमिनीत आणि एवढ्या पावसात ज्वारीचं पीक काही जमत नाही, आपली भरड धान्यं म्हणजे नाचणी आणि वरी, त्यामुळे ज्वारी घाट उतरूनच येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा घाटावरचा माल ठेवणाऱ्या कुठल्याही धान्याच्या दुकानात विचारा, मूठभर हातात घेऊन बघा, मग घ्या. मार्च-एप्रिलमध्ये नवा माल येतो तेव्हा घेतलेला सगळ्यात बरा, कारण पाऊस यायच्या आधी दोन-तीन कडक उन्हं दाखवता येतात. ऊन दिलेले दाणे पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचे, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवायचा.

गिरणीत बारीक दळा म्हणून सांगा, इकडच्या गिरणीवाल्यांना बऱ्याचदा जाडसर दळायची सवय असते. घरी आणल्यावर पीठ गरम असतं, तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि दोन दिवसात कुबट वास, म्हणून परातीत पसरून गार होऊ द्या. चाळायचं असेल तर फक्त खडा-कचरा बघण्यापुरतं, कोंडा फेकायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, पिशवी बाहेर काढून लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आपल्या हवेतलं पाणी थंड पिठावर धरतं आणि गुठळ्या होतात. मी तर दोन-दोन दिवसांच्या छोट्या पिशव्याच करून ठेवते.

ज्यांच्या घरी कुणाला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही, त्यांनी गिरणीवर भरवसा ठेवू नका. ज्वारीत ग्लूटेन नाही हे खरं, पण त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो आणि तेवढंसुद्धा अशा माणसाला बाधतं. त्यांच्यासाठी घरगुती चक्की, नाहीतर तसं स्पष्ट छापलेलं पॅकेट.

आता पोषणाचं, कारण याबद्दल हल्ली फोनवर वाट्टेल ते फिरतं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन, १० ग्रॅम फायबर, ४ मिलिग्रॅमच्या जवळपास लोह, १३० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि ३३० च्या थोड्या वर कॅलरी. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात प्रोटीन ८ च्या आसपास, फायबर ३ च्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे भाताच्या जागी ज्वारी आली तर फरक मोठा आहे. पण अख्ख्या गव्हाच्या कणकेत फायबर आणि प्रोटीन ज्वारीएवढंच किंवा कणभर जास्तच असतं, त्यामुळे चपाती सोडून ज्वारी धरली की आपोआप वजन उतरेल असं कोणी सांगितलं तर मानू नका. कॅल्शियमसाठीही ज्वारी नाही, तिच्यात तीसच्या आतबाहेर मिलिग्रॅम, आणि नाचणीत साडेतीनशेच्या वर. लहान मुलांची नाचणी बंद करून ज्वारी सुरू करणाऱ्यांनी हे वाचाच.

शुगरवाल्यांसाठी थोडं सविस्तर सांगते. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, त्यात कार्बोहायड्रेट ३३-३४ ग्रॅम. म्हणजे भाकरी हे औषध नाही, तेही पिष्टच आहे, फक्त कोंड्यासकट असल्यामुळे आणि चावून खावं लागत असल्यामुळे पोट लवकर भरतं. आमच्याकडे सासरे सुरुवातीला "भाकरी चालते ना" म्हणून चार-चार खायचे आणि शुगर जागची हलायची नाही, मग दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ असं बांधून दिलं तेव्हा कुठे आकडे सुधारले, अर्थात गोळ्या डॉक्टर म्हणतील तशाच चालू ठेवून.

उसळ का, तर ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि कडधान्यात तो भरपूर. घाटावर भाकरीबरोबर पिठलं खातात ते उगाच नाही. आपल्याकडे त्याहून सुंदर जोड आहे, आळसांद्याचं तोणक, मुगागाठी, कुळथाची कढी. ज्वारी म्हटली की झुणका आणि ठेचाच हवा असं काही नाही, खोबऱ्याच्या वाटणातल्या तोणकाबरोबर गरम भाकरी एकदा खाऊन बघा. दुसरी गोष्ट लोहाची. ज्वारीत लोह आहे पण कोंड्यातल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे सगळं अंगी लागत नाही, म्हणून ताटात लिंबाची फोड, कच्चा कांदा-टोमॅटो असं काहीतरी आंबट-ताजं ठेवायचं आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, चहाने लोह आणखी अडतं.

आणि एक इशारा. मुगासारखे ज्वारीला मोड काढून कच्चे खायचे नाहीत. कोरड्या दाण्यात काही नसतं, पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळे पोंगे खाल्ले की गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, असं शेतकरी म्हणतात ते हेच.

भाकरी

माहेरी मी आईच्या शेजारी बसून शिकले, पण इथल्या हवेत नीट बसवून दिली ती आमच्या वाड्यावर भाड्याने राहणाऱ्या विजापूरकडच्या एका अक्कांनी. त्या रोज पहाटे शंभरेक भाकऱ्या थापून दुकानांना देतात. त्यांच्याकडे बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की त्या पिठाला आधी विचारतात मग पाणी घालतात, म्हणजे चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून कडू नाही ना बघायचं, मग थोड्या पिठाची गरम पाण्यात सुपारीएवढी गोळी करून अंगठ्याने दाबायची. कडा गुळगुळीत राहिल्या तर पिठात विरी, म्हणजे धरून राहायची चिकाटी, आहे. कडा फाटल्या तर विरी गेली.

ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गव्हासारखा चिवटपणा पिठात मुळात नसतोच, जी काय चिकाटी येते ती गरम पाण्याने आतलं पिष्ट फुगल्यामुळे. ते फुगायला साधारण ७० अंशांच्या पुढे तापमान लागतं, म्हणून कोमट पाणी उपयोगाचं नाही, खळखळ उकळलेलंच हवं. एक वाटी पीठ परातीत घ्या, चिमूटभर मीठ, मधे खळगा करून पाऊण वाटी उकळतं पाणी ओता, उलथन्याने किंवा चमच्याने हलवा, झाकून पाच मिनिटं ठेवा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायला घ्या. मळायचं म्हणजे बोटांनी चिवडायचं नाही, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने परातीवर घासत पुढे ढकलायचं, परत ओढायचं, लागेल तसा पाण्याचा हात. चार-पाच मिनिटांत गोळा लोण्यासारखा मऊ होतो आणि परातीला चिकटायचा थांबतो. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, एक किंवा दोन भाकऱ्यांपुरतंच मळा, बसून राहिलेलं पीठ सैल पडतं आणि फाटतं.

थापताना परातीत कोरडं पीठ सढळ पसरा, गोळा हातावर जरा चपटा करून त्यावर ठेवा आणि बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे थापत भाकरी फिरवत राहा. अक्कांचा उजवा हात थापतो आणि डाव्या हाताची करंगळीकडची कड भाकरीच्या काठाला नुसती टेकलेली असते, काठ फुटायला लागला की तीच कड त्याला आत दाबते, नजर दुसरीकडे असली तरी. हे जमायला मला दोन महिने लागले. तोपर्यंत दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटली किंवा केळीच्या पानावर थापली तरी चालतं, अजिबात संकोच करू नका, पोटात जायला हवी हे महत्त्वाचं.

तवा आधी चांगला तापलेला हवा. भाकरी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच त्या पिठावरून पाण्याचा हात फिरवा, सगळीकडे, काठापर्यंत. वरचं पाणी सुकत आलं पण पूर्ण सुकलं नाही तेव्हा उलटायची. ही वेळ चुकली की पृष्ठभागाला भेगा पडतात, त्यातून वाफ जाते आणि मग ती फुगत नाही. उलटल्यावर पाण्याची बाजू मात्र घाई न करता डाग पडेपर्यंत भाजायची, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. टम्म फुगते. उतरवल्यावर डब्यात बंद करू नका, पाटीत किंवा जाळीवर उभी टेकवून ठेवा म्हणजे खालून घाम येत नाही.

पिठाची विरी गेलेली असेल पण चव कडू नसेल तर उकड काढा. तांदळाच्या भाकरीला काढतो तशीच, पातेल्यात एक वाटी पाणी उकळून मीठ घालायचं, एक वाटी पीठ टाकून ढवळायचं, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ आणायची आणि गरमच मळायचं. ज्यांना तांदळाची भाकरी येते त्यांना हीच पद्धत पहिल्यापासून सोपी जाईल. कडू झालेलं पीठ मात्र काही केल्या सुधारत नाही, ते झाडांना घाला.

बाकीचे प्रकार

भाकरी रोज नको वाटते तेव्हा धिरडी. एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी तांदळाचं, कांदा, कोथिंबीर, मिरची, जिरं, मीठ, आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. वीस मिनिटं भिजू द्या, नाहीतर जिभेला रवाळ लागतं. बिडाच्या तव्यावर वरून ओतायचं, पळीने पसरायचं नाही, आणि पूर्ण सुटेपर्यंत हात लावायचा नाही. थालीपिठात मी तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून घालते, त्याच्या पाण्यातच पीठ भिजतं, वेगळं पाणी लागतच नाही.

लहान मुलांसाठी आणि आजारातून उठलेल्या माणसासाठी नाचणीचं तिझन आपण करतोच, तसंच ज्वारीचं करा. तीन चमचे पीठ वाटीभर पाण्यात गुठळी न राहील असं कालवायचं, आणखी दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं, दहा मिनिटं तरी, कारण ज्वारी नाचणीपेक्षा उशिरा शिजते आणि कच्ची राहिली तर पोटात जड होते. घट्ट झालं की माडाचा गूळ, किंचित मीठ, गॅस बंद करून नारळाचा दाट रस आणि वेलची. माझ्या धाकट्याला हे नाचणीच्या तिझनापेक्षा आवडतं, रंग फिका असतो म्हणून असेल.

उन्हाळ्यात आंबील. दोन चमचे पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सहा-सात तासांत आंबतं, रात्रभर ठेवलं तर जास्तच आंबट होतं. मग तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून आठ-दहा मिनिटं शिजवायचं, गार झालं की मीठ, ठेचलेला लसूण, जिरं आणि ताजं ताक.

आणि मासे! बांगडा किंवा सुंगटं तळताना रवा लावतो तिथे दोन भाग ज्वारीचं पीठ आणि एक भाग रवा घेऊन बघा. माशाला हळद, तिखट, मीठ, कोकमाच्या आगळाचे चार थेंब लावून अर्धा तास मुरवायचं, सुटलेलं पाणी निथळायचं, मग पिठात दाबून घोळवायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवून तव्यावर खोबरेल तेलात सोडायचं. वरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत होतं, आणि नुसत्या रव्यासारखं तेलात गळून पडत नाही. ज्या सासूबाईंना ज्वारी नको होती त्यांनी हा प्रकार स्वतः मागून घेतला.

गोडात तवसळी चांगली होते, अर्धा तांदळाचा रवा आणि अर्धं जाडसर दळलेलं ज्वारीचं पीठ. नानकटाईत मैद्याच्या जागी पाव हिस्सा घातलं तर खुसखुशीत होते, त्याहून जास्त घातलं की भुगा. केकचंही तसंच. पातोळ्यांना मात्र हात लावू नका. मी एका नागपंचमीला करून पाहिल्या, हळदीच्या पानाचा वासच आला नाही, सगळा ज्वारीचा, आणि गार झाल्यावर कडक. पातोळ्या तांदळाच्याच.

ज्यांच्या पोटाला सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच भाकरी, तीही दुपारी, आणि दिवसभर पाणी जास्त. एकदम फायबर वाढवलं की गॅस होतो आणि मग दोष ज्वारीला लागतो. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना गरम भाकरी कढीत किंवा दुधात कुस्करून दहा मिनिटं भिजू द्यावी.

उरलेली भाकरी टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने बारीक कुस्करून, कांदा, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या फोडणीत परतायची, पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकायची, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. किंवा मंद तव्यावर फडक्याने दाबून दाबून पूर्ण कडक करून घ्यायची, कोरड्या डब्यात आठवडाभर राहते. पावसाळ्यात तीच दोन दिवसांत मऊ पडते, तेव्हा खायच्या आधी परत एकदा तव्यावर दाबायची.